दोन मुलं, चार वाढदिवस: तारीख पुढे जाते तेव्हा तिथी कुठे असते?

हा भाग ज्यांनी बसमध्ये लटकत किंवा भांडी घासत ऐकला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. ऐकताना आकडे कानाच्या एका बाजूने आत जातात आणि दुसरीकडून बाहेर, आणि आजच्या विषयात आकडे बरेच आहेत. मी बोलताना जिथे "म्हणजे, अं..." केलं होतं ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. फोनवर कॅलेंडर उघडून ठेवा, मध्ये मध्ये लागेल.

आमच्या घरात दोन मुलं आहेत, माझ्या दादाची. मी आत्या. बारशाला कानात नाव सांगून पाठीवर धपाटे खाल्लेली अधिकृत आत्या. नावं इथे सांगत नाही, मोठे झाल्यावर माझ्यावर केस करतील. मोठा आणि धाकटा म्हणू. मोठा ३० ऑक्टोबर २०१६ चा, धाकटा १ ऑक्टोबर २०२० चा. तारखेने दोघांमध्ये २९ दिवसांचं अंतर, म्हणजे ऑक्टोबर हा आमच्याकडे केकचा महिना. पण आईच्या हिशोबात हे वाढदिवस खरे नाहीतच. तारखेला केक, तिथीला औक्षण. त्यामुळे मुलं दोन, वाढदिवस चार. आणि त्यातले दोन दर वर्षी उड्या मारतात.

मोठा झाला त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. धाकटा झाला त्या दिवशी अधिक आश्विन पौर्णिमा होती. एक अवसेचा, एक पुनवेचा. तिथी म्हणजे नक्की काय हे समजावून सांगायला याहून चांगली टेस्ट केस मला शोधून सापडली नसती.

आता थोडं आकाश. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र रोज साधारण १३ अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्य साधारण १ अंश. म्हणजे चंद्र सूर्यापासून दिवसाला १२ अंशांनी पुढे जातो. हे १२ अंशांचं अंतर पार पडलं की एक तिथी झाली. ३६० भागिले १२, बरोबर ३०. पंधरा शुक्ल पक्षातल्या, पंधरा कृष्ण पक्षातल्या. अंतर १८० अंश झालं की पौर्णिमा संपते. पुन्हा शून्यावर आलं की अमावास्या संपते आणि नवा महिना सुरू होतो. ही पूर्ण फेरी साडेएकोणतीस दिवसांची.

म्हणजे तारीख हा एक काउंटर आहे. रात्रीचे बारा वाजले की एकने वाढतो, वर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथी हे सेन्सरचं रीडिंग आहे. चंद्राची कक्षा थोडी लंबगोल असल्यामुळे तो कधी भरभर पळतो, कधी रेंगाळतो, म्हणून तिथी कधी २० तासांत संपते तर कधी २७ तास चालते. ती पहाटे सव्वाचारला सुरू होईल, नाहीतर दुपारी जेवणाच्या वेळी. मग त्या दिवसाला नाव कोणत्या तिथीचं द्यायचं? सर्वसाधारण नियम असा की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. एखादी छोटी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाच्या आत संपली, तर तिला दिवसच मिळत नाही, तो क्षय. एखादी लांबली आणि दोन सूर्योदय पाहून गेली, तर वृद्धी. कॅलेंडरवर लागोपाठ दोन दिवस एकच तिथी दिसली तर ती छापखान्याची चूक नसते.

मोठ्याचा जन्म रात्री सव्वादहाचा. त्या रात्री अमावास्या संपली ११ वाजून ८ मिनिटांनी. म्हणजे तास भर उशिरा आला असता, तर तो प्रतिपदेचा झाला असता.

हा एक तास आमच्या घरात बराच महागात पडला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलगा झाला म्हणून हॉस्पिटलमध्ये पेढे वाटले जात होते आणि त्याच वेळी नात्यातल्या एक बाई आईला बाजूला घेऊन "शांत करून घ्या हो, अवसेचं आहे" असं सांगत होत्या. अमावास्येच्या जन्माची जननशांती करायची पद्धत आहे, अनेक घरांत करतात. आईला ती करायची होती. वहिनी म्हणाली, "माझ्या मुलात काही बिघडलेलं नाहीये, मी कसली शांत करू?" दादा दोघींच्या मध्ये. बाळंतपणाचा सगळा महिना घरात ताटवाट्यांचे आवाज जास्त आणि माणसांचे कमी, असा गेला. शांत झाली नाही. आईने विषय काढायचं थांबवलं, सोडला असं मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी एका मुंजीत तोच शब्द मोठ्याच्या कानावर पडला. कोणीतरी कोणालातरी सांगत होतं, "हा तो अवसेचा." घरी येताना गाडीत तो गप्प होता. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "ए आत्या, अवसेचा म्हणजे काय गं? माझ्यामुळे काही वाईट होतं का?"

आठ वर्षांच्या पोराने असं विचारल्यावर "काही नसतं रे, झोप" म्हणून भागत नाही. कारण काही नसतं तर लोक बोलतात कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न असतो. म्हणून आम्ही खोलीतला दिवा घालवला. मोबाइलचा टॉर्च लावून कपाटाच्या फळीवर ठेवला, तो सूर्य. त्याचं डोकं ही पृथ्वी. हातात मोसंबं, हात लांब ताणून धरलेलं, तो चंद्र. आता जागेवर हळूहळू गोल फिर. टॉर्चकडे तोंड केलं की मोसंब्याची आपल्याकडची बाजू काळी. ही अमावास्या. पाठ टॉर्चकडे केली आणि मोसंबं डोक्याच्या जरा वर धरलं की सगळं उजळलेलं. ही पौर्णिमा. मध्ये कुठेही थांब, अर्धं, कोर, फुगीर, सगळ्या कला दिसतात. त्याने तीनचार फेऱ्या मारल्या आणि स्वतःच म्हणाला, "म्हणजे मी झालो तेव्हा चंद्र होता. तो फक्त सूर्याकडे गेला होता." धाकट्याला पण फिरायचं होतं, त्याने अर्ध्या फेरीत चंद्र सोलायला घेतला.

ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी हा प्रयोग जरूर करा. मोसंब्यापेक्षा प्लॅस्टिकचा चेंडू बरा.

आता धाकट्याकडे येऊ, कारण त्याची केस तांत्रिकदृष्ट्या जास्त मजेशीर आहे. बारा चांद्रमहिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवसांची तूट. ही तूट भरली नाही तर काय होतं याचं उदाहरण आमच्या समोरच्या फ्लॅटमध्येच आहे. तिथून ईदला शीरखुर्मा येतो, आणि तो दर वर्षी १०-११ दिवस आधी येतो, कारण हिजरी कालगणना शुद्ध चंद्रावर चालते. साधारण ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आपल्याकडे मात्र सण ऋतूला बांधलेले. दिवाळी जूनच्या पावसात आली तर आकाशकंदील टांगायचा कुठे? म्हणून साधारण दर साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. तो अधिक मास, आपल्या भाषेत धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे देतात तोच.

पण तो कोणत्या महिन्याला जोडायचा हे कोण ठरवतं? इथे सूर्य पुन्हा चित्रात येतो. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, आणि वर्षातून बारा वेळा होते. दोन अमावास्यांच्या मधल्या महिन्यात जी संक्रांत पडते तिच्यावरून महिन्याचं नाव ठरतं. मेष संक्रांत पडली तर चैत्र, तूळ संक्रांत पडली तर आश्विन. ज्या महिन्यात एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. त्याला पुढच्या महिन्याचं नाव उसनं मिळतं.

२०२० बघा. कन्या संक्रांत झाली १६ सप्टेंबरच्या संध्याकाळी. अमावास्या संपली १७ सप्टेंबरच्या दुपारी. पुढची अमावास्या संपली १७ ऑक्टोबरला रात्री एकच्या सुमारास. आणि तूळ संक्रांत झाली त्याच दिवशी सकाळी सातच्या आसपास. सहा तासांनी हुकलं! मधला सगळा महिना संक्रांतीविना गेला आणि अधिक आश्विन ठरला. आपले धाकटे महाराज त्याच महिन्याच्या पौर्णिमेला, कोविडच्या ऐन धामधुमीत आले. मला बारशाला जाता आलं नाही, कानातलं नाव मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "कुर्र्र" म्हटल्यावर नेमकं नेटवर्क गेलं.

तेव्हा आईची वेगळीच चिंता. "अधिकात झालाय, मग याचा वाढदिवस काय तीन वर्षांनी एकदा करायचा?" त्यातही दर अधिक महिना आश्विनच नसतो. २०२३ ला अधिक श्रावण होता. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. २०२० च्या आधीचा अधिक आश्विन २००१ सालचा. उत्तर सोपं आहे: अधिकात जन्मलेल्याची तिथी पुढच्या वर्षांत नेहमीच्या, म्हणजे निज महिन्यात धरतात. म्हणजे धाकट्याचा तिथीने वाढदिवस आश्विन पौर्णिमेला, आणि कोजागरी आलीच की त्याच तिथीची!

इथून खरी भांडणं सुरू होतात. कारण कोजागरीला, म्हणजे आश्विनीला, आपल्याकडे घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. म्हणजे पाटावर मोठ्याचा हक्क. पण वाढदिवस धाकट्याचा. आधी कोणाला ओवाळायचं यावर आमच्याकडे दोन कोजागऱ्या रडारड झालेली आहे. शिवाय ३० ऑक्टोबर २०२० ला तर कोजागरी नेमकी मोठ्याच्या तारखेच्या वाढदिवशी आली होती. त्या दिवशी त्याला केकही मिळाला आणि औक्षणही, आणि महिन्याभराचं भावंड पाळण्यात. गेल्या कोजागरीपासून वहिनीने दोन पाट शेजारी शेजारी मांडायला सुरुवात केली. तबक एकच, ते डावीकडून सुरू करायचं की उजवीकडून हा वाद शिल्लक आहे.

२०२३ ची कोजागरी तर विचारूच नका. २८ ऑक्टोबर. त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण, मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटांपासून २ वाजून २२ मिनिटांपर्यंत, आणि वेध दुपारी चारपासूनच. मसाला दूध चंद्राला दाखवायचं की नाही? आईचं म्हणणं, दाखवायचं नाही. बाबांचं म्हणणं, दूध आटवलंय, आता काय फेकायचं? शेवटी लहान मुलांना वेधाची सक्ती नसते या कलमाखाली दोघांना संध्याकाळीच दूध मिळालं. बाबांनी त्यात स्वतःचं वय किती धरलं माहीत नाही, त्यांच्या मिशीला केशर लागलेलं होतं. रात्री एकला मी मोठ्याला उठवून गच्चीवर नेलं. चंद्राचा थोडासाच कोपरा खाल्लेला दिसला, तो जरा निराश झाला. पण मोसंब्याच्या खेळात चंद्र डोक्याच्या जरा वर का धरायचा, हे नंतर त्याला पटकन कळलं. वर धरला नाही तर आपल्याच डोक्याची सावली पडते. तेच ग्रहण.

आता जरा इंजिनिअरच्या टोपीत शिरते. मी घरासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. स्विस एफेमेरिस नावाची लायब्ररी आहे, ती कुठल्याही क्षणी चंद्र-सूर्य कुठे आहेत ते देते. चंद्राचा रेखांश वजा सूर्याचा रेखांश, भागिले १२, झाली तिथी. इतकं सोपं. राशी कुठून मोजायच्या, म्हणजे अयनांश किती धरायचा, हा पंचांगवाल्यांचा जुना वाद आहे. तिथीला तो लागतच नाही, कारण वजाबाकीत दोन्हीकडचा उडून जातो. महिना आणि संक्रांत काढताना मात्र तो येऊन बसतो.

डोकं खरं खातात ते सणांचे नियम. कारण प्रत्येक सणाची "इफ" वेगळी. गणेश चतुर्थीला मध्यान्हीची चतुर्थी हवी. गोकुळाष्टमीला आणि कोजागरीला मध्यरात्र बघतात. लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ. म्हणून गेल्या वर्षी, २०२५ ला, कोजागरी ६ ऑक्टोबरच्या रात्री होती, पण सूर्योदयाची पौर्णिमा ७ तारखेला. धाकट्याचं औक्षण सहाला की सातला? आईचा निकाल: सहाला. कारण दूध सहाला आहे.

आणि २०२४ चं लक्ष्मीपूजन आठवतंय ना, ग्रुपवर किती मारामाऱ्या झाल्या होत्या? अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. म्हणजे दोन्ही संध्याकाळी ती थोडीफार होतीच. महाराष्ट्रातल्या कॅलेंडरांनी १ नोव्हेंबर धरला, उत्तरेत अनेकांनी ३१ ऑक्टोबर. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे हा वादच नव्हता. तोच क्षण, पण तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे. तिथे अमावास्या ३१ च्या सकाळी लागून १ च्या सकाळी संपली, मध्ये संध्याकाळ एकच. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांना इथलं कॅलेंडर फोटो काढून पाठवू नका. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, पण दिवस तिथल्या सूर्याचा असतो.

मोठ्याची या सगळ्यात एकच तक्रार आहे: तो झाला दिवाळीत, पण दिवाळी त्याच्या तारखेला येत नाही. २०१७ ला १९ ऑक्टोबर, २०१८ ला ७ नोव्हेंबर, २०१९ ला २७ ऑक्टोबर. दोन वर्षं ११ दिवस मागे, मग अधिक महिना आला की १८-१९ दिवस पुढे. पण यातही एक मोठं चक्र आहे. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमहिने जवळजवळ सारखे भरतात, फरक दोनेक तासांचा. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, आणि मधले सात अधिक महिने. म्हणून साधारण १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा भेटतात, कधी एखाद्या दिवसाने चुकतात. मी प्रोग्रॅमवर काढून दिलं: ३० ऑक्टोबर २०३५, लक्ष्मीपूजन. त्या दिवशी तो एकोणीस पूर्ण करेल. त्याने अभ्यासाच्या टेबलावर कागद चिकटवलाय. तेव्हा तो आमच्यासोबत फराळ करेल की हॉस्टेलच्या मेसमध्ये असेल, हे वहिनीने मोठ्याने विचारलं आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात निघून गेली.

सगळंच चंद्रावर नाही, हेही मुलांमुळे नीट कळलं. धाकट्याचं बोरन्हाण केलं ते संक्रांतीच्या सुमारास. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे-उसाचे करवे, आणि गोळा करायला मोठा एकटाच, कारण कोविडमुळे दुसरं पोरच नाही. मकर संक्रांत शुद्ध सूर्याची, म्हणून ती १४-१५ जानेवारी सोडत नाही. पिढ्या गेल्या की हळूहळू पुढे सरकते, साधारण ७० वर्षांत एक दिवस. पावसाची नक्षत्रंही सूर्याचीच. मृग ७-८ जूनला लागतो म्हणजे लागतोच, पाऊस लागतो की नाही तो भाग वेगळा. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा वगैरे. दोघं भाऊ जूनमध्ये रेनकोटसोबत हीही चौकशी करतात. म्हैस असली तर खूप पाऊस, असं बाबा सांगतात. मी त्यावर काही बोलत नाही.

आता तुमची तिथी काढायची असेल तर: जन्मतारीख, वेळ आणि गाव घ्या, कुठल्याही बऱ्या पंचांग अ‍ॅपमध्ये टाका. महिना, पक्ष आणि तिथी, तिन्ही लिहून ठेवा. एक सापळा मात्र आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे कृष्ण पक्षातला जन्म असेल तर उत्तरेच्या पद्धतीवर सेट केलेलं अ‍ॅप महिना एकाने पुढचा दाखवतं. आमचा मोठा तिथे कार्तिकातला निघतो. सेटिंगमध्ये "अमांत" शोधा आणि ते निवडा. आणि ज्यांची तिथी "अधिक" निघेल त्यांनी मला जरूर कळवा, धाकट्याला सोबत हवीच आहे.

२०२६ चं आमचं वेळापत्रक तयार आहे. १ ऑक्टोबरला धाकट्याचा केक, २५ ऑक्टोबरला कोजागरीचे दोन पाट, ३० ला मोठ्याचा केक आणि ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याचं औक्षण. लक्ष्मीपूजनाचं तबक आईच करते. गेल्या वर्षी ओवाळून झाल्यावर तिने त्याच्या हातात पणती दिली आणि म्हणाली, "चल, दाराशी तू लाव. आज तुझा दिवस." वहिनी रांगोळी काढत होती. तिने वर बघितलं नाही, पण हात थांबला होता.

भेटू पुढच्या भागात.